उपाशी मेंदू, उदास मन : खाण्याचे विकार, कुपोषण, नैराश्य आणि चिंता

आहारवेल
मी पुण्यातील एका रुग्णालयात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. एक प्रश्न मला पालकांकडून वरचेवर ऐकायला मिळतो आणि त्याचे उत्तर दोन मिनिटांत देता येत नाही, म्हणून हा धागा काढत आहे. प्रश्न असा : "मुलगी उदास आहे म्हणून जेवत नाही. तिच्या मनावर आधी उपचार झाले की जेवण आपोआप सुरू होईल ना?" आईवडिलांना असे वाटणे स्वाभाविक आहे. मात्र ॲनोरेक्सियाच्या, म्हणजे खाणे कमी करत करत वजन धोकादायक पातळीपर्यंत उतरवणाऱ्या विकाराच्या, बाबतीत असे थांबणे फार महागात पडते, कारण उपासमार स्वतःच उदासी आणि चिंता निर्माण करते, आणि ती सुरू असेपर्यंत मनावरचे उपचार पुरेसे लागू पडत नाहीत.

याचा सर्वांत स्पष्ट पुरावा खाण्याचा विकार नसलेल्या माणसांकडून मिळालेला आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस युरोपातील उपासमारग्रस्तांना पुन्हा अन्नावर कसे आणावे, हे समजून घेण्यासाठी अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी नोव्हेंबर १९४४ मध्ये एक प्रयोग सुरू केला. युद्धात शस्त्र धरण्यास नकार देणाऱ्या तरुणांपैकी दोनशेहून अधिक जणांनी त्यासाठी तयारी दर्शवली होती. त्यांतून शरीराने आणि मनाने धडधाकट असे ३६ जण निवडले गेले. पहिले १२ आठवडे त्यांना व्यवस्थित जेवण मिळाले आणि पुढचे २४ आठवडे त्याच्या साधारण निम्मे. बटाटे, सलगम, पाव, मॅकरोनी असे ते जेवण असे आणि आठवड्याला २२ मैल चालणे सक्तीचे होते.

पुढे जे घडले ते माझ्यासमोर बसणाऱ्या मुलींच्या नोंदींशी इतके जुळते की मी पालकांना ते नेहमी सांगते. ही माणसे चिडचिडी, उदास आणि एकलकोंडी झाली. विनोद, वादविवाद आणि मैत्रिणी यांतला त्यांचा रस संपला. दिवसभर अन्नाचाच विचार चाले. ज्यांनी कधी स्वयंपाकघरात पाऊल टाकले नव्हते ते पाककृतींची पुस्तके जमवू लागले. ताटातील अन्नाचे बारीक तुकडे करून, पाणी घालून, एकेक घास लांबवत ते जेवण तासन्‌तास पुरवू लागले आणि कोणी मध्ये बोलले तर संतापू लागले. मानसशास्त्रीय चाचण्यांत नैराश्याचे गुण चढत गेले. निवडीच्या वेळी यांतील काहीच नव्हते, एवढे लक्षात घ्यावे. आणखी एक गोष्ट पालकांनी जरूर ध्यानात ठेवावी : अन्न वाढवायला सुरुवात झाल्याबरोबर मन सावरले असे झाले नाही. काहींची मनःस्थिती त्या पहिल्या आठवड्यांत अधिकच खालावली आणि पूर्ववत होण्यास अनेक महिने लागले.

एक विनंती. या धाग्यावर कोणीही स्वतःचे किंवा मुलांचे वजन, कॅलरींचे आकडे आणि अन्न टाळण्याच्या युक्त्या लिहू नयेत. हा विकार असलेले वाचक असे आकडे स्वतःला लावून पाहतात.

सातारकर_१
लेख वाचून समाधान झाले, तरीही एक शंका उरते. माझी भाची लहानपणापासूनच कमालीची काळजी करणारी आहे. परीक्षेच्या आदल्या दिवशी दप्तर चारचारदा तपासायचे, वहीत एक खाडाखोड झाली तर सगळे पान फाडून पुन्हा लिहायचे, पाहुणे आले की आतल्या खोलीत जाऊन बसायचे, असा तिचा स्वभाव. जेवणाचा प्रश्न नववीनंतर आला. मग तिच्या बाबतीत चिंता आधीची आणि उपासमार नंतरची, असेच म्हणावे लागेल ना?

मनोमन
मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. सातारकर, तुमचे निरीक्षण बिनचूक आहे आणि ते आहारवेल यांच्या म्हणण्याला छेद देत नाही. २००४ साली अमेरिकन जर्नल ऑफ सायकियाट्री या नियतकालिकात खाण्याचे विकार असलेल्या ६७२ व्यक्तींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश व्यक्तींना आयुष्यात कधी ना कधी एखादा चिंताविकार झालेला होता आणि बहुतेकांच्या बाबतीत तो बालपणीच, म्हणजे खाण्याच्या विकाराच्या आधी, सुरू झाला होता. मंत्रचळ (तेच तेच विचार येणे आणि त्याच त्या कृती पुन्हा पुन्हा करणे) आणि लोकांसमोर जाण्याची भीती हे दोन प्रकार त्यांत विशेष आढळले.

म्हणजे अनेक मुलींमध्ये चिंतेची जमीन आधीपासून तयार असते. अशा मुलीने कोणत्याही कारणाने खाणे कमी केले, मग ते डाएट असो, टायफॉइड असो वा खेळाच्या स्पर्धेची तयारी, तर तिला काही काळ विलक्षण शांत वाटते. मोजता येणारी आणि आपल्या ताब्यात असलेली एक गोष्ट हाती लागल्याचे समाधान तिला मिळते. पुढे वजन उतरले की मेंदूलाच इंधन अपुरे पडू लागते. सेरोटोनिन हे मनःस्थितीशी संबंधित मेंदूतील रसायन ज्यापासून बनते ते ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल शरीर स्वतः तयार करू शकत नाही, ते अन्नातूनच यावे लागते. तणावाचे कॉर्टिसोल हे संप्रेरक वाढते, थायरॉइडचे कार्य मंदावते, झोप तुटते आणि विचारांत ताठरपणा येतो. मुळात असलेली चिंता आता दुप्पट होते, तिला नैराश्याची जोड मिळते आणि त्यावर उतारा म्हणून मुलगी आणखी कमी खाते. चक्र कोठून सुरू झाले हे शोधण्यात आम्ही डॉक्टर मंडळीही फार वेळ दवडतो. ते कोठे तोडता येते हा प्रश्न अधिक निकडीचा आहे, आणि पोषण ही त्यांतली सर्वांत हाताशी असलेली जागा आहे.

औषधांविषयीही स्पष्ट लिहितो, कारण अनेक पालक गोळीच्या आशेने येतात. बुलिमियात, म्हणजे एकदम खूप खाऊन मग ते बाहेर काढण्याच्या विकारात, फ्लुओक्सेटिन या नैराश्यविरोधी औषधाचा उपयोग होतो. ॲनोरेक्सियात मात्र वजन पूर्ववत झाल्यानंतर हेच औषध दिल्यास आजार उलटण्याचे टळते का, हे न्यूयॉर्क आणि टोरोंटो येथील रुग्णांवर तपासले गेले. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात औषध आणि निष्क्रिय गोळी यांत फरक आढळला नाही. अतिशय कमी वजनाच्या अवस्थेत तर नैराश्यविरोधी गोळ्यांकडून फारशी अपेक्षा ठेवता येत नाही. म्हणून मी नैराश्याचे अंतिम निदान वजन सावरल्यावरच करतो. अनेकींचे नैराश्य तोवर ओसरलेले असते. ज्यांचे उरते, त्यांच्यावर नैराश्याचे रीतसर उपचार करावेच लागतात.

मात्र आत्महत्येच्या विचारांच्या बाबतीत थांबायचे नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या एका विश्लेषणानुसार ॲनोरेक्सियाच्या रुग्णांमध्ये झालेल्या दर पाच मृत्यूंपैकी सुमारे एक आत्महत्येने झालेला होता. मुलगी "मी नसलेलीच बरी" अशा आशयाचे काही बोलली तर वजन कितीही असो, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. शासनाची टेलिमानस ही मानसिक आरोग्यासाठीची दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध असते आणि तेथे मराठीत बोलता येते.

वाचनवेडा
मतभेद नोंदवतो, राग नसावा. ज्या राज्यात मेळघाटातील बालमृत्यूंच्या बातम्या दर पावसाळ्यात येतात, तेथे खाण्याचे विकार हा सुखवस्तू घरांचा प्रश्न वाटतो. अन्न असून न खाणे आणि अन्न नसल्याने न खाणे या दोन गोष्टी एका धाग्यात बसवणे मला पटत नाही.

म्हापसेकर
वाचनवेडा, कारणे निराळी आहेत, हे मान्य. परंतु उपाशी शरीराला उपासमारीचे कारण कळत नाही. तीव्र कुपोषित बालकांच्या वॉर्डात ज्यांनी काम केले आहे त्यांना ठाऊक असते की असे मूल खेळत नाही, हसत नाही, उचलून घेतले तरी किरकिरते किंवा निर्विकार पडून राहते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने अशा बालकांच्या उपचारांची जी दहा पावले घालून दिली आहेत, त्यांत दूध आणि क्षारांइतकेच मायेच्या सहवासाला आणि खेळाला स्थान आहे. मूल हसू लागणे हे पोषण पुनर्वसन केंद्रातील परिचारिकांच्या लेखी सुधारणेचे पक्के लक्षण असते.

आता आमच्या गोव्यातले उदाहरण देतो. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी येथील बाळंतिणींचा अभ्यास केला. बाळ सहा ते आठ आठवड्यांचे असताना २३ टक्के मातांमध्ये नैराश्य आढळले. गरिबी, नवऱ्याची मारहाण आणि मुलगी झाल्याची नाराजी यांचा त्याच्याशी संबंध दिसला. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या पुढच्या निबंधात असे दिसले की नैराश्यग्रस्त मातांची बाळे सहा महिन्यांची होईपर्यंत कमी वजनाची राहण्याचा धोका दुपटीहून अधिक होता. येथे उपाशी राहते ते बाळ आणि उदास असते ती आई. अशा घरात केवळ पोषण आहाराची पाकिटे वाटून भागत नाही, आईची विचारपूस करणारे माणूस लागते. अंगणवाडी ताईंनी बाळाचा दंडघेर मोजताना आईला "तुला झोप लागते का, रडू येते का" एवढे विचारले तरी बरेच काही हाती लागेल.

मला या दोन प्रश्नांत स्पर्धा लावणे अन्यायाचे वाटते. शिवाय खाण्याचे विकार केवळ सुखवस्तू घरांत होतात हेही खरे नव्हे. गरीब घरातली मुलगी जेवेनाशी झाली की तिला ॲसिडिटीचे औषध, टॉनिक किंवा अंगारा मिळतो आणि निदानच होत नाही.

मनोमन
म्हापसेकरांच्या शेवटच्या वाक्याला जोड देतो. आपल्याकडील अनेक मुली "मला जाड व्हायची भीती वाटते" असे म्हणतच नाहीत. "पोट फुगते", "दोन घासांत पोट भरते", "अन्न वर येते", "भूकच मेली आहे" अशी त्यांची तक्रार असते. हाँगकाँगमधील सिंग ली यांनी १९९० च्या दशकात जाडीची भीती नसलेल्या ॲनोरेक्सियाची अशीच नोंद केली होती. या तक्रारी खोट्या नसतात. उपासमारीने जठर रिकामे होण्याचा वेग खरोखरच मंदावतो आणि थोड्या अन्नानेही पोट गच्च वाटते. एन्डोस्कोपी झाली, सोनोग्राफी झाली, सर्व काही ठीक निघाले आणि तरीही वजन उतरतच आहे, अशा मुलीला मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवण्याची सूचना पोटाच्या डॉक्टरांकडून लवकर यायला हवी.

संध्याछाया
एका नाजूक विषयाला हात घालते. माझ्या नात्यातील एका मुलीने प्रथम संकष्टी धरली, मग एकादशी, मग श्रावणी सोमवार, नवरात्र आणि मार्गशीर्षातले गुरुवार. घरातील सर्वांना तिचे फार कौतुक वाटे. मीही उपवास करते आणि माझी श्रद्धा आहे, म्हणूनच विचारते : व्रत कोठे संपते आणि आजार कोठे सुरू होतो, हे घरच्यांनी कसे ओळखावे?

आहारवेल
संध्याछाया, हा प्रश्न विचारल्याबद्दल मनापासून आभार. मी उपवासाचा दिवस पाहत नाही, उपवास सोडण्याची वेळ पाहते. संकष्टीला चंद्रोदय झाला, नैवेद्य दाखवला, घरातील सगळे पानावर बसले. त्या वेळी ही मुलगी काय करते? व्रत करणारी व्यक्ती आनंदाने मोदक खाते. आजारी मुलीला तीच वेळ सर्वांत अवघड जाते. तिचे डोके दुखू लागते, तिला अभ्यास आठवतो, "मला दूधच पुरे" असे ती म्हणते, किंवा सर्वांना आग्रहाने वाढते आणि स्वतःचे पान तसेच ठेवते. उपवासाच्या दिवशी घरी साबुदाण्याची खिचडी असेल तर ती शेंगदाण्याचे कूट आणि तूप वगळून घेते की नाही, हेही पाहावे. दुसरी खूण अशी की उपवास चुकला तर तिला हळहळ वाटत नाही, भीती वाटते. आपल्या परंपरेने लहान मुले, आजारी माणसे आणि गर्भवती यांना उपवासातून सूट दिलेली आहे. आजी-आजोबांनी किंवा घराण्याच्या गुरुजींनी "तू आता आजारी आहेस, तुला उपवास नाही" असे सांगितले तर ते डॉक्टरांच्या सांगण्यापेक्षाही अधिक परिणामकारक ठरल्याचे मी पाहिले आहे.

पूर्वा_न
मी बुलिमियातून गेलेली आहे आणि आता बरी आहे. आतापर्यंतची चर्चा अशक्त दिसणाऱ्या मुलींभोवती फिरली, म्हणून लिहिते. माझे वजन नेहमी चारचौघींसारखेच होते, त्यामुळे कोणाला शंका आली नाही. दिवसभर जवळजवळ उपाशी राहायचे, रात्री सगळे झोपल्यावर हाताला लागेल ते खायचे आणि मग शरमेने ते बाहेर काढायचे, असे वर्षानुवर्षे चालले. लोकांना मी आनंदी वाटत असे, आणि मला मात्र सकाळी उठल्याबरोबर छातीत धडधड सुरू होई. ही चिंताच आहे असे सगळ्यांना वाटले. पुढे रक्ततपासणीत पोटॅशियम फार कमी निघाले. म्हणजे धडधडीचे एक कारण रक्तातच होते.

मला बरे करणाऱ्या उपचारात सर्वांत आधी नियम लागला तो ठरलेल्या वेळी खाण्याचा : तीन जेवणे, मध्ये दोन-तीन वेळा खाणे, भूक असो वा नसो, आदल्या रात्री काहीही झालेले असो. ऑक्सफर्डच्या ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी विकसित केलेल्या संज्ञानात्मक वर्तन उपचारपद्धतीचा हा पाया आहे, हे मला नंतर समजले. तेव्हा तो नियम मला क्रूर वाटला होता. पण दुपारी चारला पोहे खाल्ले की रात्री अकराला भांडी चाचपण्याची ओढ कमी होते, हे काही आठवड्यांत दिसू लागले. शरम आणि उदासी यांवरचे बोलणे त्यानंतर शक्य झाले. कोणाच्या शरीराकडे पाहून आजाराचा अंदाज बांधू नका, एवढेच कळकळीने सांगते.

दोन_मुलींची_आई
धाकटीवर सध्या उपचार सुरू आहेत. लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयात विकसित झालेल्या कुटुंबाधारित पद्धतीने आम्ही चाललो आहोत. या पद्धतीत आरंभी काय आणि किती खायचे याचा निर्णय पालक घेतात आणि मुलगी सावरत जाईल तसा तो तिच्याकडे परत देतात. नव्याने या वाटेवर आलेल्या पालकांसाठी एका जेवणाचे वर्णन करते.

ताट मी वाढते. दोन पोळ्या तूप लावून, उसळ, भात, त्यावर घट्ट वरण, दही. ती स्वयंपाकघरात येत नाही, कारण कढईत किती तेल पडले हे पाहिले की पुढचा तासभर तेच चालते. मी तिच्या शेजारी बसते, समोर बसत नाही; समोर बसले की पहारा दिल्यासारखे होते. पहिली दहा मिनिटे ती पोळीचे कडेचे तुकडे मोडत राहते. "एवढे कशाला वाढलेस", "तू माझी शत्रू आहेस", असेही ती म्हणते. मी त्यावर युक्तिवाद करत नाही. कॅलरी, प्रथिने, हाडे यांवर एक शब्द काढत नाही, कारण वाद जिंकला तरी घास पोटात जात नाही. "मला कळते आहे की अवघड आहे. पुढचा घास घे," हेच मी पुन्हा पुन्हा, एकाच आवाजात म्हणते. जेवणानंतर तासभर आम्ही पत्ते खेळतो किंवा कपड्यांच्या घड्या घालतो, कारण तिची चिंता जेवणानंतरच शिगेला पोहोचते.

मिनेसोटातील माणसांविषयी येथे वाचले आणि मोठा धीर आला. पोळीचे ते बारीक तुकडे पाहून माझ्या सासूबाई तिला हट्टी म्हणत. हा लेख मी त्यांना वाचून दाखवणार आहे.

सातारकर_१
आमच्याकडे आता नातेवाईक म्हणतात की पोरीला गावी आणा, शिरा, लाडू, मटणाचा रस्सा चालू करा, महिन्यात धष्टपुष्ट होईल. हे करावे का?

मनोमन
भाचीचे वजन अलीकडे झपाट्याने उतरले असेल किंवा ती कित्येक दिवस जवळजवळ काहीच खात नसेल, तर कृपया डॉक्टरांना विचारल्यावाचून असे करू नका. दीर्घ उपासमारीनंतर एकाएकी भरपूर अन्न, विशेषतः पिष्टमय आणि गोड पदार्थ दिले की इन्शुलिन वाढते आणि रक्तातील फॉस्फेट, पोटॅशियम व मॅग्नेशियम पेशींत ओढले जाऊन त्यांची पातळी एकदम घसरते. त्यामुळे हृदयाचे ठोके बिघडून मृत्यूही ओढवू शकतो. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी छावण्यांतून सुटलेल्या युद्धकैद्यांमध्ये हा प्रकार डॉक्टरांनी पाहिला होता. म्हणून अशा रुग्णाला आधी थायमिन म्हणजे ब-१ जीवनसत्त्व देतात, रक्त वारंवार तपासतात आणि आहार पायरीपायरीने वाढवतात. नेमके उलटे टोकही तितकेच वाईट : धोक्याच्या नावाखाली कित्येक आठवडे पेजेवरच ठेवले तर उपासमार चालूच राहते. वेग डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ यांनी मिळून ठरवावा.

वाचनवेडा
म्हापसेकरांचे उत्तर पटले. आता एक साधी शंका. खाण्याचा कोणताही विकार नसलेल्या, पण नीट पोषण न मिळालेल्या माणसालाही उदासी येऊ शकते काय?

आहारवेल
होय, आणि ही गोष्ट आपल्या घराघरांत आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९ ते २०२१ या काळातील पाचव्या फेरीत देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. लोह कमी असले की थकवा, चिडचिड आणि एकाग्रतेचा अभाव जाणवतो. हीच लक्षणे नैराश्याची म्हणूनही नोंदली जातात. पूर्ण शाकाहारी घरांत ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता सर्रास दिसते. तिच्यामुळे हातापायांना मुंग्या येतात, विस्मरण होते आणि मन उदास राहते. सर्वांचे करून झाल्यावर उरलेसुरले खाणारी गृहिणी "हल्ली कशातच मन लागत नाही" म्हणते, तेव्हा तिच्या रक्ताची तपासणी करणे हे तिचे दुःख नाकारणे ठरत नाही. दोन्ही प्रश्न विचारावेत : ताटात काय होते आणि मनात काय आहे.

कोथरूडची_मावशी
माझी पुतणी दुसऱ्या शहरात वसतिगृहात राहते. तिच्या खोलीतील मैत्रिणीने फोन करून कळवले की ती मेसमध्ये जातच नाही. येत्या आठवड्यात ती घरी येते आहे. पहिल्या भेटीत डॉक्टरांना नेमके काय तपासायला सांगावे? ती "माझे सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत" असे म्हणते.

आहारवेल
मावशी, पहिली भेट जनरल फिजिशियनकडे ठेवावी आणि खाणे कमी झाल्याचे तुम्ही स्वतः सांगावे, ती सांगणार नाही. नाडी, तापमान, झोपून आणि उभे राहून असा दोन्ही वेळचा रक्तदाब, इसीजी; रक्तात साखर, पोटॅशियम, सोडियम, फॉस्फेट, मॅग्नेशियम, हिमोग्लोबिन, ब-१२, यकृत, मूत्रपिंड आणि थायरॉइड, एवढे सांगावे. पाळी कधी आली होती हे विचारावे. उकिडवी बसून हातांचा आधार न घेता तिला उठता येते का, हे डॉक्टर पाहतील. स्नायू किती झिजले आहेत हे त्यावरून समजते. शरीर बराच काळ रक्तातील पातळी सांभाळून ठेवते, त्यामुळे रिपोर्ट नॉर्मल असूनही आजार गंभीर असू शकतो. चक्कर येऊन पडणे, छातीत धडधड किंवा अतिमंद नाडी यांपैकी काही असेल तर भेटीची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. भरती व्हावे लागले तर विमा कंपनीने "मानसिक आजार" म्हणून हात वर करू नयेत यासाठी २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात तरतूद आहे. मानसिक आजारांना शारीरिक आजारांच्याच निकषावर विमा देणे कंपन्यांवर बंधनकारक आहे.

आणि तिला मैत्रिणीचे नाव कळू देऊ नये. त्या मुलीने फार मोठे काम केले आहे, आणि पुतणी पुन्हा वसतिगृहात गेल्यावर तिला तीच मैत्रीण लागणार आहे.